दुसऱ्या मजल्यावरचं बाक

बसणं ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. बसायला आधी दमावं लागतं, मग जागा लागते, आणि माणूस विरार पूर्वेला फुलपाड्यात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहत असेल तर सर्वसाधारण सभेचा ठरावही लागतो. यातली पहिली अट मी केव्हाच पुरी केलेली आहे. दमण्याच्या बाबतीत माझ्याकडे कोणी बोट दाखवू शकणार नाही. उरलेल्या दोन अटींची ही हकिगत. उशीला टेकून, थोडी थोडी करून लिहितो आहे, तेव्हा मध्येच धागा सुटल्यासारखा वाटला तर तेरवणकर आडवे झाले होते असं समजावं.

मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. हे वाक्य मी ज्याला ज्याला ऐकवलं, त्या प्रत्येकानं एकच उत्तर दिलं, "अहो, मलाही!" दुसरा कुठलाही आजार सांगून बघा. मूतखडा म्हटलं की समोरचा कळवळतो, बायपास म्हटलं की हात जोडतो. थकवा म्हटलं की तो स्पर्धेत उतरतो. तिसऱ्या मजल्यावरचे परेश दळवी मला म्हणाले, "तेरवणकर साहेब, मी रोज चर्चगेटला जातो नि येतो. तुम्ही घरबसल्या कॉम्प्युटरवर काम करता. तुम्ही कसले थकता?" याला उत्तर आहे, पण ते देण्याइतका दम त्या वेळी माझ्यात नव्हता.

खरं सांगायचं तर मी झोपतो भरपूर. पण झोपायला गेलेले तेरवणकर आणि झोपून उठलेले तेरवणकर यांच्यात फरक एवढाच, की उठलेल्यांना चहा मिळतो. आंघोळ करून बाहेर आलो की टॉवेल वाळत घालण्याआधी पडावं लागतं. बोलताना मध्येच शब्द सापडत नाही. परवा मनोरमेला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, "ते गरम करतात ते" बंद करायला सांगितलं. तिनं गॅस, गीझर आणि इस्त्री तिन्ही बंद केलं, म्हणून घर वाचलं. आणि या आजाराचा सर्वांत खट्याळ भाग असा, की आजच्या हौसेची शिक्षा आज होत नाही. ती उद्या किंवा परवा, टपालानं आल्यासारखी सावकाश येते, आणि आली की आठवडाभर मुक्काम करते. दळवींच्या आग्रहावरून मी एकदा जीवदानी देवीच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो होतो. आईचं दर्शन झालं. त्यानंतरचा पंधरवडा मला फक्त छताचं दर्शन होत होतं.

वसईचे डॉक्टर व्हिव्हियन तुस्कानो हे मला भेटलेले पहिले "मलाही" न म्हणणारे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक नियम पाळा. दमल्यावर बसू नका. दमायच्या आधी बसा."

"पण डॉक्टर, दमणार आहे हे आधी कळणार कसं?"

"नाही कळणार. म्हणूनच आधी."

असली उत्तरं कीर्तनात ऐकली की मी मान डोलावतो. दवाखान्यात मला ती समजत नाहीत. घरी येईपर्यंत मी विचार केला, आणि चौथ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत विचार करायचंही त्राण उरलं नाही.

आता कीर्तनाचं सांगतो, कारण सगळं त्यासाठीच घडलं. मला दुसरं व्यसन नाही. पेटीनं सूर धरला, झांज वाजली आणि उपरणं सावरत कीर्तनकार पुढे आले की मला घरदार आठवत नाही. मनोरमा म्हणते, एरवीही आठवत नाही. आमच्या दोन विंगांच्या मध्ये, कंपाउंडात, दत्ताचं छोटं देऊळ आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तिथे जन्माचं कीर्तन असतं. दुपार कलताना उभं राहतं आणि सूर्यास्ताला जन्म होतो. पाळणा हलतो, फुलं उधळतात, सुंठवडा वाटतात. पंचवीस वर्षं मी कीर्तनकारांच्या मागे उभा राहून झांज वाजवली. गेल्या दोन वर्षी मात्र असं झालं, की पूर्वरंग संपायच्या सुमाराला मीच संपलो. दोघांनी धरून वर आणलं. खाली देव जन्मले तेव्हा मी पलंगावर होतो, आणि आमचं घर रस्त्याच्या बाजूला असल्यामुळे मला पाळण्याऐवजी रिक्षा स्टँडवरचं भांडण ऐकू आलं.

या वर्षी जन्म चुकवायचा नाही, एवढंच माझं मागणं होतं. सगळा घात जिना करत होता. चार मजले उतरण्यात आणि पुन्हा चढण्याच्या धास्तीत माझी सगळी शिल्लक उडून जाई. सोसायटीच्या समितीनं एक उपाय सुचवला होता. चार जण मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खांद्यावरून उतरवतील. मी हात जोडले. चार जणांनी खांद्यावरून उतरवण्याचा योग माणसाच्या नशिबात एकदा असतोच. त्याची रंगीत तालीम मला नको होती.

मग मला सुचलं, की दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसायला काहीतरी ठेवलं तर? उतरताना टेकायचं, चढताना टेकायचं. दमायच्या आधी बसायचं! डॉक्टरांचं कोडं मी सोडवलं होतं. एवढा आनंद झाला, की पडावं लागलं.

आमचा सेक्रेटरी विघ्नेश हा गुणी मुलगा आहे. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण सोसायटीत जन्मलेल्या माणसाला पेन्शनीत निघेपर्यंत मुलगाच म्हणतात. तो नियमानं वागतो आणि त्यामुळे त्याचा कोणाला उपयोग होत नाही.

"काका, जिन्यात वस्तू ठेवायला बंदी आहे," तो म्हणाला.

आम्ही दोघं त्या वेळी जिन्यातच उभे होतो. आमच्या आजूबाजूला दोन चपलांची कपाटं, एक सायकल, तुळशीच्या तीन कुंड्या, एक जुना कूलर आणि दळवींचा गुंडाळलेला गालिचा एवढ्या बंदी घातलेल्या वस्तू होत्या.

"या सगळ्या वस्तूच आहेत ना रे?"

"त्या परवानगी न घेता ठेवल्यात, काका. तुम्ही परवानगी मागताय. मागितली की नियम आला." थोडा वेळ डोकं खाजवून त्यानं विचारलं, "आणि अर्जात कारण काय लिहू? याला मराठीत काय म्हणतात?"

"दीर्घकालीन थकवा विकार."

"म्हणजे... आळस नाही ना? सभेत कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून विचारतोय."

त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. पंचवीस वर्षं उभ्यानं झांज वाजवलेला माणूस मी. मी वर निघालो. ताठ मानेनं निघालो होतो, पण पुढच्या वळणाआधीच मान आणि मी दोघंही कठड्यावर टेकलो. त्यामुळे जाण्यात हवा तसा रुबाब राहिला नाही.

सभा झाली. माझ्या बसण्यावर सत्तावीस कुटुंबं तासभर बोलली. कोणी म्हणालं, बसायची सवय लागेल. कोणी म्हणालं, कुरियरवाले बसतील. दळवी म्हणाले, "आज बाक, उद्या पलंग." पहिल्या मजल्यावरच्या एका बाईंनी डिंकाच्या लाडवांची कृती सांगितली आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेतली गेली. मग दुसऱ्या मजल्यावरच्या डेल्फिन टीचर उठल्या. या मूळच्या वसईतल्या गिरीज गावच्या. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी त्या उभ्या राहिल्या की लोक आपसूक गप्प बसतात.

"जागा माझ्या दारासमोरची आहे," त्या म्हणाल्या. "मला चालतंय. माणूस बसायला जागा मागतोय, गच्ची मागत नाहीये. आणि बाकसुद्धा मी देते. दळवी, तुमचा गालिचा कधी हलतोय?"

ठराव एकमतानं झाला. त्यात 'प्रायोगिक तत्त्वावर' असे शब्द होते. म्हणजे मी नीट बसतो की नाही, यावर लक्ष ठेवलं जाणार होतं.

बाक आलं ते टीचरांचे भाऊ मार्सेल यांच्या टेंपोतून, केळीच्या लोंगरांच्या सोबतीनं. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये नवी बाकं आली तेव्हा जुनी घरोघर दिली होती. त्यातलं एक मार्सेलच्या पडवीत पडून होतं. सागवानी, पाठीचं, आणि वजन असं, की वर चढवताना आमच्या इमारतीतल्या चार तरुणांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. खालचे लोक खाली, वरचे वर. मी वरच्यांत होतो, त्यामुळे मला सल्ला देणं भाग होतं, पण कठडा धरून दोनदा "तिरपं, तिरपं" म्हटल्यावर मलाच तिरपं व्हावं लागलं. शेवटी मार्सेलनं एका बाजूची फूटभर फळी करवतीनं उडवली.

"कापलंत?" टीचर वरून ओरडल्या.

"कापलं नाय, टीचर, केस बारीक केले," मार्सेल म्हणाले. सख्ख्या बहिणीला ते टीचरच म्हणतात. लहानपणी त्यांच्या वर्गात होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बसा सायब. ह्या बाकानं साठ वर्षं फादरचे सर्मन ऐकलेत. कीर्तन काय त्याला जड जायचं नाय."

मी बसायला गेलो आणि तसाच उभा राहिलो.

आता एक सांगायला हवं. आमच्याकडच्या जिन्यांत वळणाच्या भिंतींना गुडघ्याएवढ्या उंचीवर देवांच्या टाइल्स लावलेल्या असतात. भक्तीपेक्षा त्या पानाच्या पिचकाऱ्यांसाठी असतात; पाटी लावून जे साधत नाही ते देव बसवून साधतं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर दत्तमहाराज, गणपती, मदर मेरी आणि मक्केची टाइल अशा चौघा पहारेकऱ्यांची रांग होती. बाक मावत होतं ते फक्त त्याच भिंतीला. आणि त्यावर बसलं, की माणसाची पाठच नव्हे, तर पाठीच्या खालचा भाग बरोबर दत्तमहाराजांसमोर येत होता.

"बसा की," मनोरमा म्हणाली.

"कसा बसू? बघ ना!"

तिनं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "अहो, त्यांना रोज पानाच्या पिचकाऱ्या झेलायला बसवलंय, त्यांना तुमचं काय होणार आहे?"

तिचं म्हणणं पटत होतं, पण वाकत नव्हतो मी. म्हणजे गुडघे वाकत नव्हते. बाक उलटं फिरवून पाहिलं, तर गुडघे भिंतीला लागत आणि जिना बंद होई. विघ्नेशनं अर्ज मागितला. शेवटी ठरलं की देव वर सरकवायचे. फरशी बसवणारा कारागीर आला, आणि चारही टाइल्स एकही न तडकता निघून डोळ्यांच्या उंचीवर बसल्या. वर नवा पांढरा रंग दिला. फार छान दिसू लागलं ते.

इथेच माझं नशीब फिरलं. देव गुडघ्यापाशी होते तोवर त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं. डोळ्यांसमोर आले आणि लोक थांबू लागले. पहिल्या दिवशी कोणी नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी कोणी जास्वंद ठेवलं. फूल ठेवायला सपाट जागा एकच होती, माझं बाक. मग उदबत्तीचं घर आलं, मग बॅटरीवरची समई. सौ. दळवींनी त्यांच्या लग्नातल्या शालूचा काठ लावून बाकाला आच्छादन शिवलं. गुरुवारी आरती सुरू झाली. टीचरांनीही संध्याकाळी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. आणि एके सकाळी मी धापा टाकत तिथवर उतरलो, तर बाकावर नैवेद्याची ताटली, निरांजन, हळदकुंकवाचा करंडा आणि वर विघ्नेशच्या सुवाच्य अक्षरातली पाटी होती. 'कृपया बाकावर बसू नये.'

"हे काय रे?"

"काका, लोकांची श्रद्धा आहे," विघ्नेश म्हणाला. "कुरियरवाला बसला होता, ते दळवींना आवडलं नाही. आणि हो, गुरुवारच्या आरतीला तुम्ही पुढे उभे राहा. तुम्हालाच सगळं नीट पाठ आहे."

देवानं मागितल्यावर नाही कसं म्हणणार? तीन गुरुवार मी दोन मजले उतरून, माझ्या बाकासमोर, ताम्हन घेऊन उभा राहिलो. बसण्यासाठी मी जे उभारलं, त्यापुढे उभं राहून मी इतका दमलो, की प्रत्येक शुक्रवार-शनिवार पलंगाला खिळलो. गुरुवारी दत्त, शनिवारी तेरवणकर शय्येवर, असा आठवड्याचा क्रम लागून गेला. डॉक्टर तुस्कानोंना फोन केला. सगळं ऐकून ते फोन दूर धरून खोकले. ते हसत होते असा मला संशय आहे.

"तुम्ही बसायला गेला होतात ना?"

"हो, पण तिथे देव बसलेत."

"मग त्यांना सांगा, जरा सरकून घ्या."

बोलणं सोपं. पौर्णिमा चार दिवसांवर आली होती आणि मी मनातून हिशेब सोडून दिला होता. याही वर्षी रिक्षा स्टँडच ऐकायचा. मनोरमेला मी म्हणालो, "तू जा खाली. सुंठवडा तेवढा आण." ती नुसती माझं उपरणं इस्त्री करत राहिली, जे मी घालणार नव्हतो.

पौर्णिमेची दुपार आली. यंदा कीर्तनाला केळव्याच्या ज्ञानदाताई भाटकर होत्या. आमच्याकडे रीत अशी, की कीर्तनाला उभं राहण्याआधी कीर्तनकारांचा चहा तेरवणकरांकडे. मी दमलो म्हणून रीत दमली नव्हती. मनोरमेनं आलं किसून ठेवलं, शिऱ्याला रवा भाजला. मी सदरा घालून दोनदा पडून घेतलं. पाहुण्यांना सामोरं जायचं म्हणून मी दुसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत, फक्त वळणापर्यंत, उतरलो. ते मला करायला नको होतं. पायांत वाळू भरल्यासारखं झालं. कठडा धरून मी बाकाकडे पाहत उभा राहिलो. बाकानं पाटीतून माझ्याकडे पाहिलं.

एवढ्यात खालून ज्ञानदाताई आल्या. नऊवारी, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्यांची पिशवी. वय असेल पन्नाशीच्या आसपास. मागोमाग विघ्नेश, दळवी, समितीचे दोघे असा लवाजमा. ताई वळणावर आल्या, त्यांनी मोठ्ठा श्वास घेतला, देवांना हात जोडले, नैवेद्याची ताटली उचलून दळवींच्या हातात दिली, करंडा विघ्नेशच्या हातात दिला, आणि सरळ बाकावर बसल्या.

दळवी ताटलीसकट एक पायरी मागे सरकले.

"ताई," विघ्नेश चाचरत म्हणाला, "ते... पाटी..."

ताईंनी वळून पाटी वाचली. "अगंबाई! रंग ओला आहे का?"

"नाही. रंग वाळलाय."

"मग झालं." त्यांनी पदरानं घाम टिपला. "अजून किती मजले? दोन? नाही हो जमणार. चहा इथेच पाठवा. वर चढले तर माझा पूर्वरंग जिन्यातच व्हायचा. आणि हे कोण, असे भिंतीसारखे उभे? तेरवणकर ना तुम्ही? बसा हो. एवढं लांब बाक आहे."

मी दत्तमहाराजांकडे पाहिलं. बसलं की ते माझ्या डोक्याच्या वर येणार होते, जिथे देवानं असावं तिथे. मी बसलो. स्वतःच्या बाकावर पहिल्यांदा बसलो. सागवान गार होतं. पाठीला जिथे हवं तिथेच टेकत होतं. साठ वर्षं लोकांनी टेकून टेकून ते घडवलेलं असणार.

मनोरमा चहा घेऊन उतरली आणि मला बसलेला बघून पायरीवरच थांबली. 

चहा घेताना मी ताईंना सगळं सांगितलं. आजार, डॉक्टर, दोन वर्षांचे हुकलेले जन्म. सांगून झाल्यावर सवयीनं "मलाही" ची वाट पाहिली. ते आलं नाही. 'अश्वगंधा घेऊन बघा' असा सल्लाही आला नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "पंचवीस वर्षं आमच्यामागे झांज वाजवलीत ना? पूर्वरंग झाला की आम्ही थांबतो. हार घालतात, बुक्का लावतात, तुम्ही नामाचा गजर करता. ते कशासाठी, सांगा."

"कीर्तनकारांचा मान म्हणून."

"मान!" त्या खळखळून हसल्या. "अहो, श्वास घ्यायला! घोटभर कोमट पाणी प्यायला! न थांबता आख्यानात शिरले तर जन्माच्या आधी मीच पडेन. लोकांना वाटतं, हार घ्यायला थांबले. घसा बसल्यावर थांबून काय करू? बसायच्या आधी थांबायचं असतं."

डॉक्टर तुस्कानोंचं वाक्य अशा तऱ्हेनं मला केळवेमार्गे समजलं. इतकी वर्षं मी त्या गजरात सगळ्यांत जोरात झांज बडवत होतो, आणि ती विश्रांती चाललीय हे मला माहीत नव्हतं.

"तर तुम्ही खाली येऊ नका," ताई उठत म्हणाल्या. "ही जाळीची खिडकी कंपाउंडाकडेच आहे ना? मग अर्ध्यावर थांबा. इथूनच ऐका."

"ऐकू येईल, ताई. पण बुक्का लागल्याशिवाय कीर्तन ऐकलं असं..."

"बुक्का वर येईल," त्या म्हणाल्या, आणि विघ्नेशकडे पाहिलं. विघ्नेशच्या हातात अजून करंडा होता. त्यानं मान हलवली.

ऊन उतरलं, खाली पेटी लागली. मी बाकावर, शेजारी डेल्फिन टीचर मफलर गुंडाळून. "मला समजणार नाही सगळं," म्हणाल्या, आणि ताईंच्या पहिल्याच गोष्टीला माझ्याआधी हसल्या. मनोरमेनं आणलेलं इस्त्रीचं उपरणं मी खांद्यावर घेतलं होतं. जाळीतून मला देवळाचा कळस, मांडवाची झालर आणि दळवींचं टक्कल दिसत होतं. बाकी सगळं ऐकू येत होतं. शब्दन् शब्द. टाळी न वाजवता, मान न डोलावता, नुसतं ऐकायचं, असं मी ठरवलं होतं. मान थोडी डोललीच.

पूर्वरंग संपला. गजर सुरू झाला. गेली दोन वर्षं नेमका याच वेळी मी संपत होतो. मी स्वतःला चाचपून पाहिलं. होतो. डोळे मिटून पाठ टेकली आणि ताईंबरोबर मीही थांबलो. जिन्यात पावलं वाजली. विघ्नेश दोन-दोन पायऱ्या चढत, धापा टाकत वर आला आणि त्यानं माझ्या कपाळाला बुक्का लावला. मग तो तसाच बाकाच्या कडेला टेकला.

"बस, बस," मी म्हटलं. "दमलास?"

"काका, दोनच मजल्यांत माझी ही अवस्था," तो म्हणाला. पाटीकडे पाहून त्यानं मान खाली घातली. मग बुक्क्याची वाटी टीचरांपुढे धरली.

"मला प्रसाद दे नंतर," टीचर म्हणाल्या. "कपाळाचं राहू दे. उद्या चर्चमध्ये मिसाला फादर विचारत बसतील."

उत्तररंगात ताई जन्मापर्यंत आल्या तेव्हा जाळीबाहेरचं आकाश तांबूस झालं होतं. खाली सगळे उभे राहिल्याची सळसळ झाली. जन्माला बसून राहायचं नसतं. माझे हात आपोआप बाकाच्या कडेला गेले, गुडघे उचलले गेले. टीचरांनी माझी बाही धरली.

"तेरवणकर, बसा. बाळ काही रागवणार नाही."

मी बसलो. बसून जन्म ऐकला. मनोरमेनं ठेवून दिलेली फुलांची पुडी मी जाळीतून उधळली, आणि त्यातलं एक झेंडूचं फूल दळवींच्या टकलावर असं नेमकं पडलं, की त्यांनी वर पाहून भक्तिभावानं हात जोडले. त्यांना ते कुठून आलं असं वाटलं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. खाली पाळणा सुरू झाला. तो शेवटपर्यंत ऐकला. मला नीट दिसत नव्हतं, कारण चष्मा पुसायला काढला होता आणि तो पुसूनही ओलाच होता.

वर जाताना तिसऱ्या मजल्यावर दम लागायच्या आधी थांबलो. दळवींच्या गालिच्यावर बसलो. तो अजून हलला नव्हता, आणि हलू नये असं मला वाटू लागलं आहे.

पण हौसेची शिक्षा आज येत नाही, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मनोरमा पावलं न वाजवता वावरत होती. तिनं पडदे ओढून ठेवले, मऊ भात करून ठेवला, फोन बंद केला. मी पडून वाट पाहत होतो. तो दिवस गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर ती उशाशी चहा घेऊन उभी होती. तोंडावर काही दिसू देत नव्हती, पण नजर माझ्या हातापायांवर होती.

"कसं वाटतंय?"

मी हात उचलून पाहिला. पाय हलवून पाहिला. शब्द शोधून पाहिला, तो सापडला.

"थकलोय."

तिचा चेहरा उतरला. "किती?"

"नेहमीइतकाच."

"खरंच? नेहमीइतकाच? जास्त नाही?"

"अगदी नेहमीइतकाच."

तिनं चहा खाली ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि दार उघडून जिन्यात जाऊन टीचरांना हाक मारली, "टीचर! अहो टीचर! हे थकलेत हो, नेहमीइतकेच!" खालून टीचरांची टाळी ऐकू आली. मग स्वयंपाकघरात कढई ठेवल्याचा आवाज झाला, आणि भाजलेल्या रव्याचा वास आला.